बेळगावच्या कसम परेडला उभं राहायचंय? मग कागद आधी नीट करा

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्री या लष्कराच्या पायदळ रेजिमेंटच्या सेंटरमध्ये ट्रेनिंग संपल्यावरची कसम परेड बघितली की अंगावर काटा येतो. धर्मगुरू समोर, तिरंगा आणि रेजिमेंटचं निशाण आणलेलं, आणि पोरं देशासाठी जीव द्यायची कसम घेतात. नंतर आईबापांना गौरव पदक लावतात, तेव्हा शेतातून थेट आलेला बाप पण ताठ उभा राहतो. रेजिमेंट 1768 पासूनची आहे, सेंटर बेळगावला 1922 पासून, आणि 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही युद्धघोषणा.

आता तिथपर्यंत पोचायचं कसं ते सांगतो. अग्निवीर म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात भरती, त्यातल्या जनरल ड्युटीसाठी (साधा सैनिक) दहावी पास, एकूण 45 टक्के आणि प्रत्येक विषयात 33. अविवाहितच पाहिजे. वय 2022 ला योजना आली तेव्हा साडेसतरा ते 21 ठरलं होतं (पहिल्या वर्षापुरतं 23), पण तुमच्या भरतीसाठी जन्मतारीख कुठून कुठपर्यंत चालते ते त्या वर्षाच्या जाहिरातीतच बघा, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. फॉर्म फक्त जॉइन इंडियन आर्मीच्या सरकारी साइटवर. आधी ऑनलाइन परीक्षा, मग ग्राउंड (शारीरिक चाचणी), मग मेडिकल. 1600 मीटर साडेपाच मिनिटात मारलं तर पूर्ण 60 मार्क, 10 पुलअप्सना 40.

पण माझं कळकळीचं सांगणं कागदांबद्दलच आहे, कारण पोरं दोन-दोन वर्षं पहाटे उठून पळतात आणि अडकतात दाखल्यात. आमच्या गावातला एक पोरगा ग्राउंड काढून बसला होता, आणि आधारवर वडिलांचं नाव एक, दहावीच्या मार्कलिस्टवर दुसरं, मग काय धावपळ झाली बिचाऱ्याची. म्हणून आधार, मार्कलिस्ट, डोमिसाइल तिन्हीवर स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघा, दुरुस्तीला वेळ लागतो. शिवाय जातीचा दाखला, शाळेचा आणि सरपंचांचा चारित्र्य दाखला, अविवाहित असल्याचा दाखला (सरपंचांचा आणि हा, दोन्ही सहा महिन्यांच्या आतले पाहिजेत), स्टँप पेपरवरचं प्रतिज्ञापत्र, पांढऱ्या बॅकग्राउंडचे 20 पासपोर्ट फोटो, आणि एनसीसी किंवा खेळाचं सर्टिफिकेट असेल तर ते, बोनस मार्क मिळतात. ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा, निवड झाली म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच मिळेल असं नाही, सेंटर आर्मी ठरवते. बेळगाव मिळालं तर ट्रेनिंग साधारण 31 आठवडे, चार वर्षांच्या सेवेत धरलेलं, आणि शेवटी ती परेड. घरच्यांना बोलावणं येतं तेव्हा आईबापांचं आधार कार्ड बरोबर ठेवायला सांगा, लष्करी आवार आहे, गेटवर ओळखपत्र लागतंच.