चकतीला चीर का पडते?

वादळात उन्मळून पडलेल्या एका झाडाची चकती मी हौसेनं घरी आणली होती. तासून-घासून तिचं छोटं मेज करायचा बेत होता. लवकर वाळावी म्हणून आठवडाभर कडक उन्हात ठेवली आणि सालीपासून थेट मध्यापर्यंत ती उलली. पाहणाऱ्यांनी कारणंही लगेच सांगितली. कुणी म्हणालं लाकूडच हलकं, कुणी म्हणालं झाड आजारी असणार. यातलं काहीही खरं असायची गरज नाही. निरोगी झाडाची, उत्तम लाकडाची चकतीही अशीच उलते. ती किती उलणार याचा हिशेबसुद्धा आधी मांडता येतो आणि तो हिशेब मला फार आवडतो.

सुरुवात पाण्यापासून करू. नुकत्याच तोडलेल्या लाकडातलं पाणी कधीकधी त्याच्या कोरड्या वजनापेक्षाही जास्त भरतं. हे पाणी दोन जागी असतं. पेशी म्हणजे लांबट, बारीक नळ्या. त्यांच्या पोकळीत मोकळं पाणी असतं आणि नळीच्या भिंतीत मुरलेलं पाणी वेगळं. मोकळं पाणी आधी जातं. तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आकारात फरक पडत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांवर आला की भिंतीतलं पाणी निघू लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. कित्येक दिवस शाबूत दिसणारा ओंडका एके दिवशी तडकतो तो यामुळे.

आता भिंतीच्या आत डोकावू. ती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांनी विणलेली असते आणि तिच्या सगळ्यात जाड थरात हे धागे जवळजवळ उभे, म्हणजे खोडाच्या लांबीच्या दिशेनं असतात. पाण्याचे रेणू या धाग्यांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. पाणी गेलं की धागे जवळ येतात, पण त्यांची लांबी तेवढीच राहते. त्यामुळे फळी रुंदीत आणि जाडीत आकसते. लांबीतला फरक मात्र ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे नगण्य.

पण आडव्या दोन दिशाही सारख्या नाहीत. मध्यापासून सालीकडे जाणारी दिशा आणि वार्षिक वलयाच्या कडेनं जाणारी दिशा, यांत वलयाच्या दिशेचं आकसणं बहुधा दीडपट ते दुप्पट, कधी त्याहून जास्त असतं. पूर्ण शुष्क होईपर्यंत सागवान मध्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसतं, तर वलयाच्या दिशेनं ५.८ टक्के. पांढऱ्या ओकचे हेच आकडे ५.६ आणि १०.५ आहेत. सागवानाला सुतार इतका मान का देतात, याचं एक कारण इथे दिसतं.

हा फरक येतो कुठून? एक कारण म्हणजे किरण. मध्यापासून सालीकडे चाकाच्या आऱ्यांसारखे पेशींचे पट्टे गेलेले असतात. त्यांच्या पेशी आडव्या निजलेल्या असतात, त्यामुळे त्यांची न आकसणारी लांबी नेमकी त्या दिशेला येते आणि तिथलं आकसणं त्या रोखून धरतात. दुसरं कारण वलयांच्या रचनेत आहे. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीचं लाकूड विरळ असतं, शेवटचं दाट. दाट लाकूड जास्त आकसतं. वलयाच्या दिशेनं हे दोन्ही थर शेजारी शेजारी जखडलेले असल्यामुळे दाट थर विरळ थराला आपल्याबरोबर ओढतो. मध्य-साल दिशेनं मात्र थर एकापुढे एक येतात. तिथे ज्याचं त्याचं आकसणं वेगळं राहतं आणि त्यांची फक्त बेरीज होते.

आता चकतीचा हिशेब. व्यास ३० सेंटीमीटर आणि आकसणं एकीकडे ४, दुसरीकडे ८ टक्के धरा. वाळल्यावर व्यास २८.८ होईल. त्या व्यासाला ९०.५ सेंटीमीटर परीघ लागतो. पण मूळ ९४.२ सेंटीमीटरचा परीघ ८ टक्के आकसून ८६.७ च उरला. तूट ३.८ सेंटीमीटर! ३६० अंशांच्या वर्तुळात सुमारे १५ अंश लाकूडच कमी पडतं, मग ते उलणार नाही तर काय करणार? लाकूड पूर्ण शुष्क झालं तरचे हे आकडे आहेत. एरवी ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास थांबतो, तेव्हा यातली निम्म्याहून थोडी जास्त तूट पडते.

फळ्या पाडताना हेच ध्यानात ठेवायचं. ओंडका मधोमध उभा चिरला की वर्तुळ मोडतं, ताण सुटतो. मधला गाभा एखाद्या फळीत अडकू देऊ नये. मध्यापासून लांब कापलेल्या फळीची सालीकडची बाजू जास्त आकसते, त्यामुळे ती त्या बाजूनं पन्हळीसारखी खोलगट होते. जाड फांदीचा मोह टाळावा. आडव्या फांदीत स्वतःचं वजन पेलण्यासाठी वेगळ्या घडणीचं लाकूड तयार होतं आणि ते लांबीतही आकसतं. अशी फळी हमखास पिळवटते.

चंद्र पाहून झाड तोडलं की लाकडाला कीड लागत नाही, ही समजूत अनेक देशांत आहे. चंद्रामुळे झाडातलं पाणी मुळांत उतरतं असं त्यामागे मानतात, पण तसं होत नाही. लाकूड पोखरणाऱ्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्यांना हवा असतो तो सालीलगतच्या लाकडातला स्टार्च, आणि बुरशीला साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. म्हणून साल लवकर काढावी आणि ओलावा उतरवावा.

तो उतरवायचा सावलीत आणि सावकाश. नळ्यांच्या उघड्या तोंडांतून पाणी बाजूंपेक्षा १० ते १५ पट वेगानं जातं, म्हणून फळीची दोन्ही टोकं तोडल्या दिवशीच मेणानं किंवा जाड रंगानं बंद करावीत. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकावर एक सरळ रेषेत ठेवाव्यात आणि वर वजन द्यावं. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष वाळवायचं, हा ढोबळ नियम आहे. त्यापेक्षा एक फळी दर आठवड्याला तोलून वजन लिहून ठेवणं बरं. काही आठवडे वजन हललं नाही, की फळी तिथल्या हवेशी जुळली.

जुन्या दारांचं, तुळयांचं लाकूड घ्यायचं तर वाळवण्याचे हे कष्ट बहुतेक वाचतात. मात्र ‘जुनं लाकूड मेलेलं असतं, हलत नाही’ हे खरं नाही. शंभर वर्षांची तुळईही दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. तिच्या रुंद फळीचं मेज केलंत तर खालच्या चौकटीत स्क्रूची भोकं लांबट ठेवा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहील. रंध्याखाली घेण्याआधी खिळ्यांसाठी लोहचुंबक फिरवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि पूर्वी आर्सेनिकयुक्त रसायनं मुरवलेलं हिरवट झाकेचं लाकूडही असतं. असं लाकूड घासू नका आणि जाळू तर मुळीच नका.