इहराम

इहराम (बोलीत एहराम) : हज किंवा उमरा (मक्केची छोटी यात्रा) करणाऱ्या मुसलमान यात्रेकरूने मक्केला पोचण्यापूर्वी धारण करायची पवित्र अवस्था. हराम (निषिद्ध) आणि हरम (पवित्र क्षेत्र) या शब्दांच्याच धातूपासून हा शब्द आला आहे. एरवी वैध असलेल्या काही गोष्टी या काळात यात्रेकरू स्वतःवर निषिद्ध करून घेतो.

'एहराम बांधला' असे लोक म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे दोन पांढरी वस्त्रे येतात. त्यांनाही तेच नाव आहे. पण नुसती वस्त्रे गुंडाळून इहराम लागत नाही, त्यासाठी मनात नियत (संकल्प) करावी लागते. मराठीतला सोवळे हा शब्द असाच वस्त्राला आणि अवस्थेला, दोन्हींना लागतो. मात्र सोवळे दुसऱ्याच्या स्पर्शाने मोडते. इहराम लाखोंच्या गर्दीत, खांद्याला खांदा लावून पाळायचा असतो. त्याला बाध येतो तो यात्रेकरूच्या स्वतःच्या वागण्याने.

इहरामाशिवाय जी ठिकाणे ओलांडायची नाहीत, त्यांना मीकात म्हणतात. मदिनेकडून येणाऱ्यांसाठी जुल-हुलैफा, सीरियाकडून येणाऱ्यांसाठी जुहफा, नज्दकडून येणाऱ्यांसाठी कर्न अल-मनाझिल, येमेनकडून येणाऱ्यांसाठी यलमलम आणि इराककडून येणाऱ्यांसाठी जातु इर्क. जुल-हुलैफा मक्केपासून ४०० किमी.हूनही दूर आहे. मुंबईहून जहाजाने निघालेल्या हाजींची मीकात यलमलम. किनारा दिसत नसे. जहाज त्या टप्प्यात आले की भोंगा वाजे आणि डेकवर वस्त्रे बदलण्याची लगबग सुरू होई. मुंबई–जिद्दा हजचा समुद्रमार्ग १९९५ मध्ये बंद झाला. विमान मीकात काही क्षणांत ओलांडते, म्हणून जिद्द्याला जाणारे बरेचजण आंघोळ करून, वस्त्रे नेसूनच घरून किंवा विमानतळावरून निघतात आणि नियत विमानात, घोषणा झाल्यावर करतात. आधी मदिनेला जाणाऱ्यांना ही घाई नसते, कारण त्यांची मीकात मग जुल-हुलैफा.

तयारी म्हणून नखे काढणे, गुस्ल (स्नान) आणि दोन रकात (आवर्तने) नमाज. मग नियत, आणि 'लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक' (मी हजर आहे, हे अल्लाह, मी हजर आहे) ही तलबिया. पुरुषांची वस्त्रे न शिवलेली : कमरेला इजार, खांद्यावर रिदा. डोके उघडे, पायात घोटे उघडे राहतील अशी चप्पल. पैसे-पासपोर्टसाठी खिशाचा पट्टा चालतो. स्त्रिया नेहमीचे शिवलेले कपडे घालतात. चेहऱ्याला नकाब आणि हातमोजे मात्र नाहीत. इहरामात मृत्यू आलेल्या पुरुषाला याच दोन वस्त्रांत, सुगंध न लावता, डोके न झाकता दफन करावे, कारण तो तलबिया म्हणतच उठेल, असे हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेत) आहे. या वस्त्रांकडे पाहताना कफनाची आठवण होते ती म्हणूनच.

निषिद्ध गोष्टी : केस-नखे कापणे, सुगंध, शिकार, शरीरसंबंध. वासाचा साबणसुद्धा टाळतात. कुराण (२:१९७) भांडणतंटाही वर्ज्य करते, आणि मिना या मक्केजवळच्या मुक्कामाच्या तंबूंत, बसच्या रांगांत हेच पथ्य सर्वांत कठीण जात असावे. पंथभेदही आहेत. हनफी मतानुसार इहरामात निकाह लावता येतो, शाफईंच्या मते तो वैधच ठरत नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत. शिया इमामी पुरुष प्रवासात डोक्यावर छप्पर टाळतात, त्यांच्यासाठी बिनछताच्या बसगाड्या असतात.

चुकीला भरपाई आहे. हिजरी ६ (इ. स. ६२८) मध्ये मक्केजवळच्या हुदैबियाच्या मुक्कामी कअब इब्न उजरा यांच्या डोक्यातून उवा चेहऱ्यावर गळत होत्या. पैगंबरांनी त्यांना मुंडन करायला सांगितले आणि बदल्यात तीन रोजे, सहा गरिबांना जेवण किंवा एका बकऱ्याची कुर्बानी यांतले एक. फिदयाचा (भरपाईचा) नियम आजही हाच. इहरामाशिवाय मीकात ओलांडली, तर परत जावे लागते किंवा 'दम' म्हणून कुर्बानी द्यावी लागते.

भारतीय हाजी बहुधा तमत्तू पद्धतीने आधी उमरा करून इहराम सोडतात आणि ८ जिल्हिज्जला (हजच्या महिन्यात) हजसाठी मक्केतूनच पुन्हा बांधतात. उमऱ्यात तवाफ (काबेभोवती प्रदक्षिणा) आणि सई (सफा व मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्या) झाल्यावर केस काढले की इहराम सुटतो. हजमध्ये १० तारखेला जमरातला (सैतानाचे प्रतीक मानलेल्या खांबांना) खडे मारून, कुर्बानी व मुंडन झाल्यावर बहुतेक बंधने सुटतात. पतिपत्नीच्या संबंधांवरचे बंधन तेवढे तवाफ-ए-जियारतपर्यंत (हजच्या मुख्य तवाफपर्यंत) राहते. पुरुष मुंडन करतात किंवा केस बारीक करतात. स्त्रिया केसांची टोके बोटाच्या पेराएवढी कापतात.