विनाशिका की फ्रिगेट? ‘सुरत’ आणि ‘निलगिरी’ शेजारी ठेवून पाहू

15 जानेवारी 2025 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत तीन नौका एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. त्यातली ‘वागशीर’ पाणबुडी, तिच्याबद्दल कुणाचा घोटाळा होत नाही. घोटाळा उरलेल्या दोघींचा. ‘आयएनएस सुरत’ विनाशिका आणि ‘आयएनएस निलगिरी’ फ्रिगेट, दोघीही मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्याच्या लेकी. दोघींचा करडा रंग तोच, उतरत्या सपाट भिंती त्याच, पुढच्या डेकवर एक तोफ आणि मागे हेलिकॉप्टरची जागा. फोटोखालची ओळ झाकली तर भलेभले अडखळतात.

अडखळायचं नसेल तर नाळेजवळ रंगवलेला क्रमांक वाचावा. डीने सुरू झाला तर विनाशिका, एफने सुरू झाला तर फ्रिगेट. पण अक्षर ओळखता आलं म्हणजे फरक कळला असं नाही.

सर्रास दिलं जाणारं उत्तर असं की मोठी ती विनाशिका, लहान ती फ्रिगेट. या जोडीपुरतं ते खरंही आहे. सुरत सुमारे 164 मीटर लांब आणि 7,400 टनांची, निलगिरी 149 मीटर आणि 6,670 टनांच्या आसपास. पण जरा मागे जा. ‘राजपूत’ ही आपली सोव्हिएत बनावटीची विनाशिका 2021 मध्ये निवृत्त झाली. ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या सुरुवातीच्या चाचण्या हिच्यावरूनच झाल्या. तिचं वजन पाच हजार टनांच्या घरात, म्हणजे आजच्या फ्रिगेटपेक्षा दीड हजार टनांनी कमी. आणि पहिली ‘निलगिरी’, जी याच माझगाव डॉकमध्ये बांधून 1972 मध्ये नौदलात आली, ती जेमतेम तीन हजार टनांची. नाव तेच, प्रकार तोच, पण पन्नास वर्षांत अंग दुपटीहून वाढलं. तेव्हा टनांचं माप एका पिढीपुरतंच धरायचं.

नावांचा उगम पाहिला की गोंधळ का होतो ते कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणतीर सोडणाऱ्या छोट्या, चपळ नौकांनी मोठमोठ्या युद्धनौकांची झोप उडवली होती. त्यांचा काळ म्हणून ब्रिटिशांनी 1893 मध्ये ‘हॅवॉक’ पाण्यात उतरवली. तिच्या प्रकाराचं पूर्ण नाव होतं ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’, पाणतीर-नौकांचा नाश करणारी. पुढे ‘कुणाचा नाश’ हा भाग गळून पडला आणि नुसता ‘डिस्ट्रॉयर’ राहिला. मराठीत तो ‘विनाशिका’ झाला आणि आपल्याला वाटू लागलं की ही सगळ्यांचाच विनाश करणारी कुणी चंडिका आहे. मूळची विनाशिका तीनशे टनांचीही नव्हती.

फ्रिगेट हा शब्द त्याहून जुना, शिडांच्या काळातला. मध्ये तो अडगळीत गेला होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांच्या काफिल्यांवर तुटून पडू लागल्या तेव्हा ब्रिटिशांनी राखणदार नौकांसाठी तो पुन्हा बाहेर काढला. थोडक्यात, एकीचा वंश शिकाऱ्याचा आणि दुसरीचा पहारेकऱ्याचा. आपल्याकडे आंग्र्यांच्या आरमारात गुराब आणि गलबत असा भेद होता. गुराबेला दोन-तीन डोलकाठ्या आणि नाळेवर तोफा, गलबत लहान आणि वल्ह्यांवर चालणारं, वारा पडला की तेच गुराबेला ओढून लढाईत नेई. डोलकाठ्या मोजल्या की फरक कळायचा. आता तशी सोय राहिलेली नाही.

सुरत आणि निलगिरीच्या पोटात तरी काय वेगळं आहे? निम्मं सामान तर सारखंच निघतं. दोघींच्या डोलकाठीवर एमएफ-स्टार रडार आहे, चारही बाजूंना चार पाट्या, गरगर न फिरता सगळीकडे लक्ष ठेवणाऱ्या. विमानं आणि क्षेपणास्त्रं पाडायला दोघींकडे 32-32 बराक-8 क्षेपणास्त्रं. पुढची तोफ दोघींची 76 मिलिमीटरची. फ्रिगेट म्हणजे हवाई संरक्षणात कच्ची, हे जुनं समीकरण इथे पार मोडलं आहे.

फरक सुरू होतो तो मारक बाजूला. सुरतवर 16 ब्राह्मोस, निलगिरीवर 8. एकेक क्षेपणास्त्र सुमारे तीन टनांचं, डेकखाली उभं ठेवलेलं. ती जास्तीची आठ ठेवायला लांबी लागते, रुंदी लागते, खाली भक्कम आधार लागतो. अगदी जवळ आलेल्या क्षेपणास्त्रावर गोळ्यांचा पाऊस पाडणाऱ्या एके-630 तोफा सुरतवर चार, निलगिरीवर दोन. माणसंही त्याच हिशेबात: सुरतवर तीनशेच्या वर, निलगिरीवर सव्वादोनशेच्या आसपास.

माझ्या मते खरी ओळख मात्र इंजिनरूममध्ये पटते, आणि नेमकी तीच फोटोत दिसत नाही. सुरतला पळवतात चार गॅस टर्बाइन, युक्रेनमधल्या मिकोलाईवच्या कारखान्यातल्या घराण्याचे. विमानाच्या इंजिनाचाच हा भाऊबंद: लगेच जोर देतो, वेग तीस नॉटच्या (ताशी तीस सागरी मैलांच्या) वर नेतो, पण सावकाश चालतानाही इंधन ढोसतो. म्हणून रमतगमत जायचं असेल तेव्हा सगळे टर्बाइन चालू ठेवत नाहीत. निलगिरीत दोन गॅस टर्बाइन आहेत आणि जोडीला दोन डिझेल इंजिनं. रोजची गस्त डिझेलवर, झटापटीची वेळ आली तर टर्बाइन. वेग साधारण 28 नॉट. विमानवाहू नौकेच्या ताफ्याबरोबर धावायला एक बांधलेली, दिवसेंदिवस समुद्र धुंडाळायला दुसरी. शिकारी आणि पहारेकरी हा जुना भेद नावात पुसट झाला असला तरी इंजिनात अजून शाबूत आहे.

प्रत्यक्ष कामाला लागल्यावर मात्र समुद्र हा भेद फारसा पाळत नाही. ‘आयएनएस कोलकाता’ ही सुरतची थोरली चुलत बहीण, 2014 ची. मार्च 2024 मध्ये तिने सोमाली चाच्यांनी पळवलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज भारतापासून सुमारे 2,600 किलोमीटरवर गाठलं. चाच्यांनी तिचा ड्रोन पाडला. मग तिने नेमका मारा करून रुएनचं सुकाणू निकामी केलं, सी-17 विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो उतरले आणि चाळीस तासांच्या पाठलागानंतर 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुटले. या सबंध प्रकरणात ब्राह्मोसला काही काम नव्हतं. त्याच वर्षी जानेवारीत सुरतची सख्खी बहीण ‘विशाखापट्टणम’ एडनच्या आखातात पेटलेल्या ‘मार्लिन लुआंडा’ तेलवाहू जहाजाच्या मदतीला धावली. आपले दहा जण आग विझवायला चढले, जहाजावरच्या 23 खलाशांपैकी 22 भारतीय होते. आणि मार्च 2025 मध्ये ‘तर्कश’ या फ्रिगेटने पश्चिम हिंदी महासागरात अडीच हजार किलोंहून जास्त अमली पदार्थ पकडले. पाठलाग, अग्निशमन, झडती. यातलं कोणतं काम दुसऱ्या प्रकारच्या नौकेला जमलं नसतं? कोणतंच नाही.

परदेशात तर नावांचा आनंदीआनंद. जर्मनी सात हजार टनांच्या नौकेलाही फ्रिगेटच म्हणतो. फ्रान्सची ‘अ‍ॅक्विटेन’ म्हणायला फ्रिगेट, पण क्रमांक डी अक्षराचा. अमेरिकेने 1975 मध्ये कागदावरच अदलाबदल केली, आदल्या दिवशीच्या काही फ्रिगेट दुसऱ्या दिवशी क्रूझर, म्हणजे एरवी विनाशिकेहून मोठ्या मानल्या जाणाऱ्या युद्धनौका, झाल्या. जपान सरसकट ‘रक्षक नौका’ म्हणून मोकळा होतो, मग ती विमानवाहू नौकेसारखी सपाट डेकची ‘इझुमो’ का असेना.

त्या मानाने आपल्या नौदलाने बातमी वाचणाऱ्यांची सोय केली आहे. सध्याच्या माझगाव डॉकच्या विनाशिकांना शहरांची आणि बंदरांची नावं: दिल्ली, कोलकाता, चेन्नई, गोव्याचं मोरमुगाव, इम्फाळ, सुरत. या नव्या फ्रिगेटना डोंगरांची: निलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, तारागिरी. जुन्या फ्रिगेटमध्ये तलवार, त्रिशूल आणि ब्रह्मपुत्रही भेटतात, त्यामुळे डोंगर नाही म्हणून फ्रिगेट नाही असं समजू नका. आणि ऐकायला सारख्या नावांवरून लगेच विनाशिका म्हणू नका, आधी क्रमांक बघा. ‘आयएनएस कोची’ विनाशिका आहे, पण ‘आयएनएस कोरा’ मात्र कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून लहान युद्धनौका, आणि ती भानगड या दोन्ही प्रकारांपेक्षा निराळी आहे.