क्लच घसरतो की चाक?

पावसाळ्यात जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या बाजूला मोटार लाल चिखलात अडकली आणि इंजिन ओरडू लागले, की जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास ‘क्लच गेला’ असे सांगतो. उलट, भरलेली गाडी तवंदी घाटात नुसतीच गुरगुरत मागे पडू लागली, की तोच माणूस टायर बदलायला सुचवतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत आहे आणि तिचा भुर्दंड मालकाला बसतो. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि चांगली प्लेट काढून नवी घातली तरी चिखलात चाक तसेच फिरत राहते.

दोन्ही प्रकारांत साम्य एवढेच, की इंजिन जितके फिरते तितकी गाडी पुढे सरकत नाही. इंजिनाचा जोर रस्त्यापर्यंत पोहोचताना दोन ठिकाणी केवळ घर्षणाच्या भरवशावर असतो: एक फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारे जड चक्र) आणि त्याला दाबून धरलेली क्लच प्लेट यांच्यामध्ये, दुसरे टायर आणि रस्ता यांच्यामध्ये. मधले सगळे काम दातेरी चक्रांचे आहे आणि ती घसरत नाहीत. या दोन जागांपैकी जिची पकड आधी सुटते तिथे उष्णता तयार होते आणि धूरही तिथूनच निघतो.

धुरातला फरक सोपा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. टायरचा धूर चाकापाशी दिसतो, पांढरट असतो, कोरड्या डांबरावर निघतो आणि मागे काळा पट्टा ठेवून जातो. तापलेल्या रबराचा पृष्ठभाग आणि त्यातली तेले तिथे जळत असतात. क्लचचा धूर बॉनेटच्या खालून येतो आणि त्याला क्लच प्लेटवरच्या अस्तराच्या जळक्या राळेचा उग्र वास असतो. ओल्या चिखलात टायर सहसा धूर करत नाही, कारण पाणी त्याला थंड ठेवते. तिथे जळका वास आलाच, तर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी रेटण्याचा तो परिणाम आहे असे समजावे.

लोक खरे फसतात ते गिअरकडे दुर्लक्ष केल्यामुळे. हिशेबासाठी 1,000 किलो वजनाची, पुढच्या चाकांवर चालणारी एक छोटी मोटार घेऊ आणि तिचे इंजिन जास्तीत जास्त 110 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते असे धरू. क्लच गिअरबॉक्सच्या आधी बसलेला असल्यामुळे गिअर कोणताही असो, त्याला इंजिनाचा एवढाच टॉर्क पेलायचा असतो. टायरचे तसे नाही. पहिला गिअर आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा दातेरी चक्रांचा संच) मिळून टॉर्क सुमारे 14 पट होतो आणि 28 सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाखाली तो साधारण 560 किलो वजनाएवढा रेटा होऊन उतरतो; चौथ्या गिअरमध्ये पट जेमतेम 4 राहते आणि रेटा 160 किलोवर येतो. पुढच्या चाकांवर 600 किलो भार असेल तर कोरडे डांबर सुमारे 480 किलोपर्यंतचा रेटा धरते, ओले डांबर 240 च्या आसपास. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली तर कोरड्यावरही चाक सुटू शकते आणि चौथ्यात ते ओल्या डांबरावरही सुटत नाही. म्हणून तवंदी घाटात चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, असे होत असेल, तर टायरकडे बोट दाखवणे मला मुळीच मान्य नाही. तिथे क्लचच घसरतो आहे.

याच हिशेबातून टायर जाळून गाडीची ताकद दाखवण्याचा फोलपणाही कळतो. क्लच झटक्याने सोडला की वेगात फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एकदम चाकांवर येते आणि साधी मोटारही क्षणभर चाके फिरवते. त्यात इंजिनाचे मोठेपण काही नाही, आणि टायरचे आयुष्य मात्र वाया जाते.

शंका राहिलीच तर स्पीडोमीटरचा काटा पाहावा. क्लच घसरत असेल तर गिअरबॉक्सच्या पुढे काहीच फिरत नाही, म्हणून अडकलेल्या गाडीत काटा शून्यावरच राहतो. चाक फिरत असेल तर गाडी जागेवर असूनही काटा वर चढतो. जुन्या, गिअरबॉक्सवरून चालणाऱ्या स्पीडोमीटरमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एक चाक घट्ट जमिनीवर उभे आणि दुसरे चिखलात मोकळे असेल, तर साधे डिफरन्शियल सगळा वेग मोकळ्या चाकाला देते आणि काटा दोन्ही चाकांची सरासरी दाखवतो. काटा 40 वर असेल तेव्हा ते चाक प्रत्यक्षात 80 च्या वेगाने गरगरत असते. अशा वेळी आणखी रेस देणारा माणूस पाहिला की मला राहवत नाही, कारण त्या वेगाला टायर फुटूही शकतो आणि चाकाजवळ उभे राहून गाडी ढकलणाऱ्यांच्या जिवाशी खेळ होतो.

साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देते, त्यामुळे चिखलातले चाक जेवढा टॉर्क धरते तेवढाच घट्ट जमिनीवरच्या चाकालाही मिळतो. एकदा घसरलेल्या टायरची पकड आणखी घटते, म्हणून रेस कमी करून, शक्यतो दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून गाडी हळूहळू काढावी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपचा हँडब्रेक त्याच चाकांवर लागत असेल, तर तो थोडासा ओढून ठेवल्यास मोकळ्या चाकाला अडथळा होतो आणि तेवढा जास्तीचा टॉर्क दुसऱ्या चाकाकडे जातो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत हा उपाय चालत नाही, कारण बहुतेकींचा हँडब्रेक मागची चाके धरतो.