डॅशबोर्डवरचे तीन दिवे आणि चाकातलं चुंबक

दाजींचा फोन संध्याकाळी आला. केजच्या अलीकडे त्यांचं रान आहे. पांदणीतल्या राडीतून त्यांनी जुनी फोर बाय फोर गाडी डांबरीवर काढली आणि दोन किलोमीटरवर तीन दिवे एकदम पेटले. एक एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, एक ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाक नुसतंच गरगरू न देणाऱ्या यंत्रणेचा, आणि तिसरा उतारावर गाडी आपोआप धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा. "पाव्हणं, ब्रेक गेले का वं? म्होरं धारूरचा घाट हाय. जावं का माघारी फिरावं?"

मी विचारलं, लाल दिवा आहे का? "न्हाई, तिन्ही पिवळेच हायेत." पॅडल कडक लागतंय? "लागतंय की." मग ब्रेक शाबूत आहेत, पण पावसात घाट नको, आज मुक्कामच करा, असं सांगितलं. त्या रात्रीपासून हा लेख डोक्यात होता, कारण "एबीएसचा दिवा म्हणजे ब्रेक फेल" हा समज मी निदान वीस जणांकडून ऐकलाय.

आधी जिवाशी गाठ असलेली गोष्ट. ब्रेकचा लाल दिवा म्हणजे हँडब्रेक ओढलेला असेल, नाहीतर ब्रेक ऑइल कमी झालेलं असेल. हँडब्रेक सोडूनही तो जात नसेल तर गाडी बाजूला घ्या. लाल आणि एबीएसचा पिवळा दोन्ही लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही गेलेली असू शकते. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात, आणि ही वाटणी नसेल तर ती आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. एकटा पिवळा असेल तर साधे ब्रेक चालू असतात. फक्त जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी मदत मिळत नाही.

आता तीन दिवे एकदम का? तीन बिघाड एका क्षणी होणं अवघड आहे. या तिन्ही यंत्रणांचे डोळे एकच आहेत. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो आणि तो चाकाचा वेग सांगतो. एबीएस बघतं की ब्रेक दाबल्यावर कुठलं चाक अचानक थांबायला लागलंय, आणि त्याचा दाब सेकंदाला दहा-पंधरा वेळा सोडतं-धरतं. ट्रॅक्शन कंट्रोल उलटं बघतं, की कुठलं चाक चिखलात नुसतंच गरगरतंय. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरमध्ये, दोन्ही चाकांना सारखाच पिळा (टॉर्क) मिळतो, त्यामुळे एक चाक राडीत मोकळं फिरलं की कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. मोकळ्या चाकाला ब्रेक लावला की पिळा वाढतो आणि दुसरं चाक गाडी ओढतं. उतारावरची यंत्रणाही एबीएसच्याच पंपातून, त्याच्याच व्हॉल्व्हमधून काम करते. एका चाकाची खबर येईनाशी झाली की तिघीही काम थांबवतात आणि तसं सांगतात. तो प्रामाणिकपणा मला फार आवडतो. एक चाक दिसत नसताना अंदाजाने ब्रेक सोडणारी यंत्रणा कुणाला हवी आहे?

बॉशने बनवलेलं इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये पहिल्यांदा नियमित विक्रीला आलं. आपल्याकडे ते सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं झालं 1 एप्रिल 2019 पासून. वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांत ते महागड्या मॉडेललाच असायचं, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या चाकात जो सेन्सर आहे तो बघून मला दहावीचं पुस्तक आठवतं.

त्यात बॅटरी नाही, चिप नाही. एक छोटं चुंबक, त्याच्या टोकाला लोखंडी खुंटी, खुंटीभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. समोर, साधारण एक मिलिमीटर अंतरावर, चाकाबरोबर फिरणारं दातेरी लोखंडी कडं. कड्याचा दात खुंटीसमोर आला की चुंबकीय रेषांना लोखंडाची वाट मिळते आणि त्या दाटतात. खाच आली की विरळ होतात. गुंडाळीतून जाणाऱ्या रेषा बदलल्या की तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं. रेषा किती आहेत याला महत्त्व नाही, त्या किती झपाट्याने बदलतात याला आहे. उभ्या गाडीत चुंबक तेवढंच जोरकस असतं, पण वीज शून्य.

थोडं गणित करू. 235/70 आर 16 टायरचा घेर साधारण 2.31 मीटर. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, म्हणजे चाकाचे 4.33 फेरे. कड्याला 48 दात धरले तर सेकंदाला 208 लाटा. ताशी 3 किलोमीटरला त्या 17 वर येतात. गंमत अशी की लाटांची संख्या घटते तशी त्यांची उंचीही घटते, कारण बदलाचा झपाटाच कमी होतो. 36 ला अडीच व्होल्ट मिळत असतील तर 3 ला जेमतेम दोन दशांश. म्हणून या जातीचा सेन्सर अगदी मुंगीच्या पावलाने चाललेल्या गाडीत आंधळाच असतो. आणि मधलं अंतर एकाचं दीड मिलिमीटर झालं तर? रेषांची दाट-विरळ फार झपाट्याने पुसट होते आणि लाट कॉम्प्युटरच्या किमान मर्यादेखाली जाते. अर्धा मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन-तीन जाडी. तेवढ्यात तीन दिवे लागतात.

इथे आपली माती येते. मराठवाड्याची जमीन दख्खनच्या बेसाल्टवर आहे आणि त्या खडकात मॅग्नेटाइटचे कण असतात. जुन्या स्पीकरचं चुंबक नाल्याच्या वाळूत फिरवून बघा, काळ्या मिशा फुटतात. दाजींच्या चाकातला सेन्सर दुसऱ्या दिवशी एक बोल्ट काढून बाहेर घेतला, तर त्याच्या टोकाला तशीच मिशी होती. कोरड्या फडक्याने ती नुसती इकडून तिकडे सरकली. शेवटी चिकटपट्टी दाबून उचलावी लागली. त्यात मातीपेक्षा ब्रेकच्या डिस्कचा झिजलेला लोखंडी चुराच जास्त असणार, पण चुंबकाला दोन्ही सारखेच. हा चुरा टोकाभोवती साचला की रेषांना दात असो की खाच, एकच पसरट वाट मिळते आणि फरक बुजतो.

दिवा कधी लागतो त्यावरूनही बरंच कळतं. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद लागून जायलाच हवा, ती तपासणी असते. लगेच लागून तसाच राहिला तर बहुधा तार तुटली आहे किंवा कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरलाय. उभ्या गाडीतही कॉम्प्युटर बारीकसा प्रवाह सोडून गुंडाळी शाबूत आहे का बघतो. तुरीच्या किंवा कपाशीच्या धसकटांतून गाडी घालणाऱ्यांनी चाकाकडे जाणारी वायर आधी बघावी. थोडा वेग घेतल्यावर लागला तर अंतर, चुरा किंवा दात. वळणावरच लागला तर बेअरिंगचा ढिलेपणा, किंवा स्टिअरिंगबरोबर वाकून आतून तुटलेली तार. आणि एकाच चाकाला 235/70 ऐवजी 265/70 चा टायर चढवला असेल तर त्याचा घेर पावणेसहा टक्के मोठा आहे. ते चाक सतत हळू फिरतंय असं दिसणार.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी सपाट जागी, चाकांना उटी, नुसत्या जॅकवर नाही तर स्टँडवर. सेन्सरचा कनेक्टर सोडवून आधी रोध मोजा, तो बहुधा एक ते दोन हजार ओहम भरतो. उन्हात तापलेल्या गाडीत जास्त दिसला तर घाबरू नका. 25 अंशांना 1200 असलेली तांब्याची गुंडाळी 75 अंशांना 1430 च्या पुढे जाते. मग मीटर एसी मिलिव्होल्टवर लावून चाक हाताने सेकंदाला एक फेरा या बेताने फिरवा. नव्या गाड्यांतले सेन्सर वेगळे, त्यांना वीज बाहेरून द्यावी लागते. त्यांच्यावर ओहमचा प्रयोग करू नका. दाजींच्या उजव्या चाकाने 250 मिलिव्होल्ट दाखवले. डाव्याने 60, आणि तेही एका फेऱ्यात वर-खाली झुलत. चुरा काढल्यावर ते 150 वर आलं, पण झुलणं राहिलंच. चाक वर-खाली धरून हलवलं तर हाताला टकटक लागली. बेअरिंग ढिलं होतं, म्हणून कडं दर फेऱ्याला सेन्सरपासून लांब-जवळ होत होतं.

मधल्या काळात दोन उपाय सुचवले गेले होते. घरच्या थोरल्या बाईंनी अमावस्येला लिंबू-मिरची बदलायला सांगितली आणि एका मिस्त्रीने डॅशबोर्डमधले त्या दिव्यांचे बल्बच काढून देतो म्हटलं. माझ्या लेखी दोन्ही एकाच जातीचे उपाय आहेत. लिंबू निदान दिवा तरी विझवत नाही, पण बल्ब काढला की पुढे खरंच काही तुटलं तरी कळणार नाही. मोबाइलला जोडायच्या "गाडीची पूर्ण तब्येत सांगणाऱ्या" पाचशे रुपयांच्या डबीबद्दलही सांगतो. तसल्या बहुतेक डब्या इंजिनचे, म्हणजे पी अक्षराने सुरू होणारे बिघाडाचे कोड वाचतात. एबीएसचे सी अक्षराचे कोड त्यांना दिसत नाहीत, आणि मग "दोष नाही" असं खोटं समाधान मिळतं. कोड मिळाला तरी तो एवढंच सांगतो की पुढच्या डाव्या चाकाची खबर नीट येत नाही. सेन्सर बदला असं तो म्हणत नाही.

बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पडले होते. ते अंबाजोगाईहून आणून बसवलं आणि चाक फिरवलं, तर 240. चावी फिरवली. तिन्ही दिवे लागले, तीन सेकंदांत गेले, आणि गाडी वीसच्या पुढे गेली तरी परत आले नाहीत. दाजींनी बॉनेट उघडून आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने चारही चाकांचे आकडे आणि तारीख लिहून ठेवली. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचं म्हणतात.