गुणतालिकेच्या शेवटच्या दोन विजयांचे गणित

१३ एप्रिल २०२५ हा एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या साखळी फेरीचा शेवटचा दिवस होता, आणि पश्चिम विभागातील अनेक संघांना आपण नेमके कितव्या क्रमांकावर राहणार हे त्या दिवशीचे खेळ संपेपर्यंत ठाऊक नव्हते. गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि लॉस एंजेलिस क्लिपर्स यांचा सामना निर्धारित वेळेत बरोबरीत राहिला, पाच मिनिटांचा जादा वेळ खेळवावा लागला आणि तो क्लिपर्सनी १२४-११९ असा जिंकला. क्लिपर्स ५० विजयांसह पाचव्या क्रमांकावर राहिले, तर ४८ विजय मिळवणारे वॉरियर्स सातव्या क्रमांकावर घसरले. तिसऱ्या क्रमांकाच्या लेकर्सचे विजय ५० आणि आठव्या क्रमांकाच्या मेम्फिस ग्रिझलीजचे ४८. म्हणजे ८२ सामने खेळून झाल्यावर तिसरा आणि आठवा यांच्यात केवळ दोन विजयांचे अंतर उरले होते.

हे अंतर संघांच्या बलाबलाविषयी काय सांगते? संख्याशास्त्राचे उत्तर असे की जवळजवळ काहीच नाही. समजा, एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता बरोबर निम्मी आहे. असा संघ ८२ सामन्यांत सरासरी ४१ विजय मिळवील, पण दर हंगामात ४१ च मिळवील असे नाही. या चढउताराचे माप म्हणजे प्रमाण विचलन, आणि ते येथे सुमारे साडेचार विजय इतके येते. ढोबळमानाने, तीनपैकी दोन हंगामांत हा संघ ३६ ते ४६ विजयांच्या दरम्यान राहील आणि उरलेल्या हंगामांत त्याहूनही दूर जाईल, तेही खेळाडू, प्रशिक्षक आणि डावपेच यांत तसूभरही बदल न होता. दोन तुल्यबळ संघांच्या विजयांतील फरक पाहिला तर त्याचे प्रमाण विचलन सहा विजयांच्याही वर जाते. दोन विजयांच्या फरकावरून एक संघ दुसऱ्यापेक्षा सरस ठरवणे म्हणजे सहा किलोची चूक करणाऱ्या काट्यावर दोन किलोचा फरक मोजण्यासारखे आहे.

त्या हंगामात पुढे बाद फेरीत घडले तेही या हिशोबाशी जुळणारे होते. सहाव्या क्रमांकाच्या मिनेसोटा टिंबरवुल्व्जनी तिसऱ्या क्रमांकाच्या लेकर्सना ४-१ असे हरवले, आणि सातव्या क्रमांकावरून आलेल्या वॉरियर्सनी दुसऱ्या क्रमांकाच्या ह्यूस्टन रॉकेट्सना सात सामन्यांत बाहेर काढले. वृत्तपत्रे अशा निकालांना धक्कादायक म्हणतात. गणिताच्या नजरेला त्यात धक्का बसण्यासारखे फारसे नसते.

संघाची खरी ताकद अजमावण्यासाठी अभ्यासक विजयांच्या संख्येपेक्षा गुणफरकावर, म्हणजे केलेले गुण आणि दिलेले गुण यांतील अंतरावर, अधिक विश्वास ठेवतात. एका गुणाने मिळवलेला विजय आणि तीस गुणांनी मिळवलेला विजय गुणतालिकेत सारखेच मोजले जातात, पण त्यांतून मिळणारी माहिती सारखी नसते. बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांनी केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून विजयांचे प्रमाण काढणारे एक सूत्र मांडले होते. त्यांनी दोन्ही संख्यांचा वर्ग केला होता. बास्केटबॉलचे विश्लेषक डॅरिल मोरे यांनी तेच सूत्र बास्केटबॉलला लावताना घातांक १३.९१ इतका मोठा घेतला. घातांक मोठा असण्याचे कारण या खेळाच्या रचनेत आहे. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात प्रत्येक संघाला सुमारे शंभर वेळा चढाईची संधी मिळते, त्यामुळे गुणांतील थोडासा सापेक्ष फरकही विजयाच्या शक्यतेत मोठा होऊन उतरतो. आजच्या गुणसंख्येला हे सूत्र लावले तर सामन्यामागे सरासरी एका गुणाची वाढ हंगामात सुमारे अडीच जादा विजय देते.

गुणफरकही निर्दोष नसतो. आज एक संघ सामन्यात ३५ च्या आसपास तीन-गुणी फेका करतो आणि त्यांतील सुमारे ३६ टक्के यशस्वी होतात. प्रत्येक फेकीचे यश इतरांपासून स्वतंत्र मानले, तर केवळ योगायोगाने एका सामन्यातील यशस्वी फेकांची संख्या तीनच्या आसपास वरखाली होते, म्हणजे आठ-नऊ गुणांचा फरक पडतो. अनेक सामन्यांचा निकाल याहून कमी गुणांनी लागतो. मार्चअखेरीस एखादा संघ अचानक ‘लयीत आला’ असे समालोचक सांगतात, तेव्हा बहुधा काही आठवडे त्याच्या दूरवरच्या फेका पडत असतात आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हुकत असतात, एवढेच घडलेले असते. सलग विजयांचेही तसेच आहे. आपल्या काल्पनिक निम्म्या शक्यतेच्या संघालादेखील ८२ सामन्यांत कधी ना कधी सलग पाच विजय मिळण्याची शक्यता सत्तर टक्क्यांहून अधिक असते. ही मालिका नोव्हेंबरात आली तर कोणाच्या लक्षात राहत नाही; एप्रिलमध्ये आली की तिच्यावर लेख लिहिले जातात.

मात्र सगळेच योगायोगावर ढकलणे हाही आळसच होय. डेट्रॉइट पिस्टन्सनी २०२३-२४ च्या हंगामात सलग २८ सामने गमावले आणि अवघ्या १४ विजयांवर हंगाम संपवला. पुढच्याच वर्षी त्यांनी ४४ सामने जिंकले. तीस विजयांची ही झेप योगायोगाच्या अपेक्षित चढउताराच्या पाचपट होती, तेव्हा तिची कारणे संघातच शोधावी लागतात: नवे प्रशिक्षक आले, दुरून अचूक फेक करणारे अनुभवी खेळाडू आले आणि तरुण खेळाडू एका वर्षाने परिपक्व झाले.

हंगामाच्या शेवटी संघाची ताकद खरोखर बदलते, आणि काही वेळा ती जाणूनबुजून बदलली जाते. स्थान निश्चित झालेले संघ प्रमुख खेळाडूंना विश्रांती देतात. ज्यांना पुढे जाण्याची आशा नसते त्यांना हरण्यातच लाभ दिसतो, कारण नव्या खेळाडूंच्या निवडीत म्हणजे ड्राफ्टमध्ये खालच्या संघांना प्राधान्य मिळते. एप्रिल २०२३ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सना पुढे जाण्याची थोडी आशा असतानाही त्यांनी शिकागो बुल्सविरुद्ध अनेक प्रमुख खेळाडू बसवून ठेवले. त्या वर्षीची त्यांची ड्राफ्टमधील निवड पहिल्या दहांत राहिली तरच ती त्यांच्याकडे उरणार होती, नाहीतर दुसऱ्या संघाकडे जाणार होती. एनबीएने त्यांना साडेसात लाख डॉलरचा दंड केला. शेवटच्या दोन आठवड्यांच्या निकालांवरून संघाची ताकद जोखणाऱ्याने मैदानात कोण उतरले होते हे आधी पाहावे.

आता नियमांचा भाग. गुणतालिकेतील फरक किंचित असला तरी त्याचे परिणाम किंचित नसतात. प्रत्येक विभागातील पहिले सहा संघ थेट बाद फेरीत जातात, पुढच्या चौघांची पात्रता फेरी होते. सातवा व आठवा एकमेकांशी खेळतात. जिंकणारा पुढे जातो आणि हरणाऱ्याला नववा-दहावा यांच्यातील विजेत्याशी आणखी एक संधी मिळते. चारही संघ तुल्यबळ मानले तर सातव्या आणि आठव्या संघाची पुढे जाण्याची शक्यता प्रत्येकी ७५ टक्के, नवव्या-दहाव्याची २५ टक्के आणि अकराव्याची शून्य होते. सहाव्यावरून सातव्यावर घसरणाऱ्याचा एक चतुर्थांश वाटा जातो, तर आठव्यावरून नवव्यावर जाणारा एका पराभवात अर्धा वाटा गमावतो. मायामी हीटने २०२२-२३ च्या साखळी फेरीत केलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण अधिक होते. पात्रता फेरीचा पहिला सामना ते हरले आणि दुसऱ्यात शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पिछाडीवर होते. तो सामना जिंकून आठव्या क्रमांकावरून ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. वाटेत त्यांनी ५८ विजयांच्या मिलवॉकी बक्सना हरवले, अर्थात बक्सचे यानिस आंतेतोकुम्पो जखमी असल्याने त्या मालिकेतील दोन सामने खेळू शकले नव्हते.

बाद फेरीला मुकलेल्या १४ संघांसाठी तर योगायोग नियमातच लिहिलेला आहे. हरण्याचे बक्षीस हमखास मिळू नये म्हणून पहिल्या निवडीसाठी सोडत काढतात: क्रमांक घातलेल्या १४ चेंडूंतून चार निघतात, त्यांचे १,००१ संच होतात आणि त्यांपैकी एक हजार संच संघांत वाटलेले असतात. पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिल्या निवडीची २५ टक्के शक्यता होती. २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना ती सारखीच, १४ टक्के, ठेवण्यात आली. शेवटचा आलेला संघ पाचव्या निवडीखाली घसरू शकत नाही, पण पाचव्यापर्यंत घसरण्याची त्याची शक्यता सुमारे ४८ टक्के असते. २०२३ आणि २०२४ मध्ये डेट्रॉइट, २०२५ मध्ये युटा जॅझ, असे तीन वर्षे सलग तळाच्या संघाला पाचवीच निवड मिळाली. असे घडण्याची शक्यता सुमारे ११ टक्के होती. २०२५ ची पहिली निवड ३९ विजयांच्या डॅलसला, केवळ १.८ टक्के शक्यता असताना, मिळाली आणि त्यांनी कूपर फ्लॅग यांना घेतले. त्या आधी पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात डॅलस मेम्फिसकडून हरले होते. तो सामना त्यांनी जिंकला असता, तर बाद फेरीत गेल्यामुळे सोडतीत त्यांचे नावच राहिले नसते. त्यांच्या जागी पुढे गेलेल्या मेम्फिसला ओक्लाहोमा सिटी थंडरने पहिल्याच फेरीत ४-० असे बाहेर काढले.