बारावीचं सूत्र आणि न लागणारं ५५८

बारावीच्या पुस्तकातलं सोलेनॉइडचं (नळीसारख्या गुंडाळलेल्या तारेचं) सूत्र घेऊन रेडिओची कॉइल गुंडाळायला बसू नका. सूत्र खोटं नाही, पण ते व्यासाच्या मानाने खूप लांब कॉइलचं आहे. रेडिओतली कॉइल असते आखूड.

आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीचं ५५८ किलोहर्ट्झ घ्या. गँग कंडेन्सर (स्टेशन लावताना फिरवतो तो) पूर्ण मिटल्यावर ३६५ पिकोफॅरड धरले, तर कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) २२३ मायक्रोहेन्री हवा. ५ सेंमी व्यासाच्या नळीवर वेढ्याला वेढा चिकटवून तार गुंडाळायची आहे आणि एक वेढा ०.६ मिमी जागा घेतो. पुस्तकी सूत्र सांगतं, ५४ वेढे पुरेत. प्रत्यक्षात मिळतात जेमतेम १३१ मायक्रोहेन्री, आणि रेडिओ ७२९ किलोहर्ट्झच्या खाली उतरतच नाही. खरी गरज ८० वेढ्यांची.

टोकांशी चुंबकीय रेषा बाहेर फाकतात, शिवाय कडेच्या वेढ्याला शेजारी एकाच बाजूला. त्यामुळे इंडक्टन्स किती घटतो, याचे गुणक जपानचे भौतिकशास्त्रज्ञ नागाओका यांनी १९०९ मध्ये दिले. १९२८ मध्ये अमेरिकी अभियंता व्हीलरने ते एका ओळीत बसवले: त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, भागिले नऊ त्रिज्या अधिक दहा लांब्या. मापं इंचात, उत्तर मायक्रोहेन्रीत.

आता कॉइल३२सारखं मोफत सॉफ्टवेअर क्षणात उत्तर देतं. नेमका हिशेब करायचा तर प्रत्येक वेढा एक कडं मानायचं आणि प्रत्येक जोडीचा परस्परप्रभाव मॅक्सवेलच्या सूत्राने काढून दुप्पट करायचा आणि त्यात प्रत्येक वेढ्याचा स्वतःचा इंडक्टन्स मिळवायचा. ८० वेढ्यांच्या ३१६० जोड्या! त्या सूत्रात लंबवर्तुळी संकलनं (साध्या सूत्राने न सुटणारी इंटिग्रल) येतात, आणि ती सोडवायची गणितज्ञ गाउसची युक्ती मला भारी आवडते. दोन संख्या घ्या, त्यांची सरासरी आणि गुणोत्तर मध्य (गुणाकाराचं वर्गमूळ) काढा, मग त्या दोघांचं पुन्हा तेच. १ आणि १.४१४२१ पासून निघालं तर १.२०७११ आणि १.१८९२१, मग १.१९८१६ आणि १.१९८१२. दोन्ही एकाच संख्येकडे धावतात, आणि दर पायरीला बरोबर आलेले अंक साधारण दुप्पट होतात. गाउसला या संख्येचा अशा संकलनाशी असलेला संबंध १७९९ मध्ये दिसला, तोही हाताने आकडे करून.



सॉफ्टवेअरने २२३.१७४ दाखवलं तरी दशांशाच्या शेपटीवर भाळू नका. नळीचा व्यास मोजताना अर्धा मिलिमीटर चुकला, की चार मायक्रोहेन्री इकडचे तिकडे. चार वेढे जास्त घालावेत आणि स्टेशन ऐकत एकेक सोडवत जावं.